बघून घेईन

मेजरने चहात बुडून तुटलेलं बिस्कीट दोन बोटांनी कपाच्या तळातून उपसून काढलं, तोंडात टाकलं, बोटं चाटली, फाईलच्या कव्हरला पुसली आणि विचारलं, "घाबरल्यासारखा आवाज काढू का, मॅडम? की शांतच बोलू?"

वकीलबाईंनी फाईल आपल्याकडे ओढून घेतली. कव्हरवर दोन ओले डाग उमटले होते. ते पुसावेत तर आपलीच बोटं लावावी लागणार, म्हणून त्यांनी फाईल उघडून कव्हर खाली घातलं.

"जसं झालं तसं सांगा," त्या म्हणाल्या.

"ते तर सांगणारच हो. पण कोर्टाला काय बरं वाटेल?"

लष्कराच्या कायदा शाखेची ही खोली पूर्वी कधीतरी दवाखान्याची होती. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन अजून तसंच होतं, आणि साक्षीदार खोलीबाहेर गेला की वकीलबाई तिथे जाऊन हात धुवायच्या. सुरुवातीला धूळ असते म्हणून धुवायच्या. आता धूळ असो नसो, धुवायच्या.

फौज म्हटलं की लोकांना बंदुका दिसतात. पण छावणीत बंदुकीला हात न लावणारी माणसंही ढीगभर असतात: स्वयंपाकी, सुतार, ड्रायव्हर, कारकून, कपडे धुणारे. त्यांचं आणि फौजेचं बिनसलं की प्रकरण कामगार न्यायालयात जातं, आणि तिथे फौजेच्या बाजूने उभ्या राहतात वकीलबाई. पगार सरकारचा, अशील फौज. त्यांनी या कामात चोरही पाहिले होते आणि कामाच्या वेळी पोत्यांमागे झोपणारेही. अशांना घरी पाठवताना त्यांची झोप कधी उडाली नव्हती. नोकरी धरली तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपण कायद्याच्या बाजूने आहोत. तो समज कधी गळून पडला ते त्यांना सांगता आलं नसतं. दात हलतो, हलतो, आणि एक दिवस घास खाताना हातात येतो, तसं काहीतरी झालं असावं.

आताचं प्रकरण लॉन्ड्रीतलं होतं. तिथे वाफेच्या प्रेसवर काम करणारी एक बाई होती. छावणीत तिचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे तिला तोफ म्हणत, आणि ते नाव तिच्या तोंडामुळे पडलं होतं. एका प्रेसचा व्हॉल्व्ह गळत होता. त्याच्या वाफेने तोफेच्या शेजारी काम करणाऱ्या एका पोरीचा हात भाजला. त्या दिवशी लॉन्ड्रीचा प्रमुख म्हणून मेजर तिथे आला. तोफेची आणि त्याची बोलाचाली झाली, मशीनच्या आवाजात बाकी कोणाला काही धड ऐकू आलं नाही, आणि मेजरने वर कळवलं की या बाईने आपल्याला धमकी दिली. कामावरच्या अधिकाऱ्याला धमकी म्हणजे थेट बडतर्फी. तोफ घरी बसली आणि युनियनने दावा लावला. उद्या साक्षी होत्या. उद्या मेजरची साक्ष टिकली, तर तोफेची नोकरी कायमची गेली.

साक्षीच्या आदल्या दिवशी वकीलबाई साक्षीदाराची तालीम घेत. "काय सांगायचं ते मी सांगत नाही, कसं सांगायचं ते सांगते," हे वाक्य त्या प्रत्येकाला सुरुवातीलाच ऐकवत. मेजरलाही ऐकवलं होतं. त्याने त्यावर डोळा मिचकावला होता.

"बरं, करून दाखवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत गेलात. ती कुठे होती?"

मेजर उठला. त्याच्या शर्टाच्या बाहीवरची घडी अशी होती की बोट फिरवलं तर कापेल. त्याने कमरेवर हात ठेवले, मान वाकडी केली, आणि बायकी आवाज काढून म्हणाला, "राहू द्या साहेब. मी बघून घेईन!"

नक्कल वाईट नव्हती. त्याने ती मेसमध्येही पाच-दहा वेळा केली असणार.

"कोणाला?" वकीलबाईंनी विचारलं.

विचारलं ते निव्वळ सवयीने. कर्ता, कर्म, क्रियापद. कोणी, कोणाला, काय केलं. अर्धं वाक्य समोर आलं की ते पुरं करून घ्यायचं, ही त्यांच्या जिभेला लागलेली खोड होती.

"काय कोणाला?" मेजर म्हणाला.

"कोणाला बघून घेईन म्हणाली?"

मेजर कमरेवरचे हात तसेच ठेवून उभा राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरवर उत्तर दिसावं, तसा.

"मला," तो म्हणाला. "मलाच की. 'तुम्हाला बघून घेईन' म्हणाली." त्याने ते पुन्हा त्या आवाजात म्हणून पाहिलं. "'साहेब, मी तुम्हाला बघून घेईन!' हां. हे छान बसतं."

"आधी तुम्ही 'तुम्हाला' म्हणाला नव्हता."

"आधी तुम्ही विचारलं नव्हतं."

वकीलबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तो खोटं बोलतोय असं त्याच्या तोंडावर कुठेच नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त शिसारी आली.

"मेजरसाहेब, 'मी बघून घेईन' याचा दुसराही अर्थ होतो."

"कुठला?"

"म्हणजे, मी करते. तुम्ही नका त्रास घेऊ."

मेजर खळखळून हसला. "अहो मॅडम, आमच्याकडे बघून घेणं हे वरचा खालच्याला करतो. खालचा फक्त 'होय साहेब' म्हणतो. माझ्या सगळ्या नोकरीत खालचा माणूस मला कधी 'मी बघून घेईन' म्हणालेला नाही. म्हणेल कसा? म्हणाला तर ती धमकीच." त्याने कपातला उरलेला गाळ ओठ लावून ओढला. "बरं, तिच्या हातात गरम इस्त्री होती, तेही घालू?"

"होती का?"

"लॉन्ड्रीत इस्त्री नसेल तर काय तोफगोळे असतील?"

तो गेल्यावर वकीलबाईंनी हात धुतले. साबण संपत आला होता. बोटांच्या बेचक्यांतून फेस काढताना त्यांना राहून राहून वाटत होतं की त्या माणसाच्या तोंडात तो शब्द आपण घातला. त्याला शोधूनही सापडला नसता. आपण ताटात वाढून दिला.

दुपारी त्या लॉन्ड्रीत गेल्या. साक्षीआधी जागा बघून ठेवायची, ही त्यांची पद्धत होती. दार उघडलं तशी ओली, आंबूस वाफ अंगावर आली आणि चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. घामाचे गणवेश, पिठाळ खळ आणि तापलेलं रबर असा तिन्हींचा मिळून वास होता. सकाळी मेजरच्या बाहीवर पाहिलेली ती धारदार घडी इथून निघत होती. बायका रांगेने प्रेसवर उभ्या होत्या. कपडा पसरायचा, वरचा पाट खाली ओढायचा, पायाने वाफ सोडायची, पाट उचलायचा. प्रेस जमिनीला बोल्टने जखडलेल्या होत्या. हातात धरायची इस्त्री त्या सबंध लॉन्ड्रीत एकही नव्हती.

तिसऱ्या प्रेसच्या व्हॉल्व्हला एक फडकं बांधलेलं होतं. फडक्यातून पाणी ठिबकत होतं, आणि मधूनच एका बाजूने वाफेची पिचकारी सुटत होती. वकीलबाई वाकून बघायला गेल्या तसा कोणीतरी त्यांचा दंड धरून मागे ओढला.

"बाई, जपून. तिकडून येते ती."

दंड धरणाऱ्या पोरीचा दुसरा हात कोपरापासून मनगटापर्यंत गुलाबी, चकचकीत, सुरकुतलेला होता. दुधावरची साय बोटाने सरकवली की गोळा होते, तशी कातडी. वकीलबाईंना नजर काढून घ्यावीशी वाटली. नजर काढून घेतली असती तर ते त्या पोरीला कळलं असतं, म्हणून त्यांनी ती काढली नाही.

"हा अजून दुरुस्त केला नाही?"

"साहेब बघतो म्हणालेत."

"मग हे फडकं कोण बांधतं?"

"आम्हीच. आधी तोफमावशी बांधायच्या. त्यांना जमायचं. घट्ट बसायचं त्यांच्या हातचं." पोरगी बोलता बोलता थांबली. आपण कोणाशी बोलतोय ते तिच्या लक्षात आलं असावं. ती आपल्या प्रेसकडे गेली आणि पुन्हा तिने वर पाहिलं नाही.

सरकारी कचेरीत मुरलेल्या कुठल्याही माणसाला ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. 'बघू' म्हणजे नाही. 'बघतो' म्हणजे तुम्ही दारातून बाहेर पडलात की विसरलो. 'बघून घेतो' म्हणजे मात्र काम झालं समजा. ते बोलणारा माणूस बाह्या सरसावून उठलेला असतो. वकीलबाईंच्या कचेरीतला शिपाईसुद्धा झेरॉक्सचं मशीन अडलं की 'मी बघून घेतो' म्हणतो, आणि त्यापायी त्याला अजून कोणी बडतर्फ केलेलं नाही.

परत येऊन त्यांनी मोठ्या साहेबांना फोन लावला. मोठे साहेब म्हणजे कायदा शाखेचे प्रमुख. ते दुसऱ्या इमारतीत बसत, आणि सगळं ऐकून घेताना मधूनमधून 'हं हं' करत.

"सर, हे प्रकरण मिटवून घ्यावं असं मला वाटतं. बाईला कामावर परत घेऊ. शब्दाचा गैरसमज झालाय."

"हं हं. मेजर काय म्हणतो?"

"मेजर म्हणतात धमकी दिली."

"मग झालं तर. अधिकाऱ्याचा शब्द आहे." फोनवर काहीतरी सोलल्याचा, मग चावल्याचा आवाज आला. "हे बघा वकीलबाई, फौज माघार घेत नाही."

"माघार कसली, सर? लॉन्ड्री आहे ती."

"उद्या लॉन्ड्रीपुढे झुकलो तर परवा भटारखाना डोक्यावर बसेल. तुमची साक्ष पक्की आहे ना?"

वकीलबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "पक्की आहे."

फोन ठेवल्यावर त्यांनी जे केलं त्याची त्यांना नंतर सगळ्यात जास्त किळस आली. त्यांनी मेजरला फोन लावला आणि सांगितलं, "उद्या इस्त्रीचं काही बोलू नका. तिथे हातात धरायची इस्त्रीच नाही. पकडले जाल."

"वाचवलंत, मॅडम!" मेजर म्हणाला. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही आहोत."

म्हणजे खोट्यातलं जे खोटं उघडं पडलं असतं, तेवढं त्यांनी निवडून काढलं होतं. तांदळातले खडे काढावेत तसं. आता उरलेलं स्वच्छ दिसणार होतं. इतक्या वर्षांत आपण नेमकं हेच शिकलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या पुन्हा बेसिनकडे गेल्या.

सकाळी निघताना घरात वेगळाच घोळ. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. गेले कितीतरी दिवस गळत होता. वकीलबाईंचे वडील त्यांच्याकडेच राहायचे. हात कापायला लागल्यापासून त्यांना चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागे. पण ते पान्हा आणि पक्कड ओट्यावर मांडून, बनियनवर, नळासमोर उभे होते.

"बाबा, मी प्लंबरला फोन करते."

"कशाला पैसे घालवायचे? वायसर गेलाय नुसता."

"तुम्ही पडाल कुठेतरी."

"पडायला काय झालं? उभाच तर आहे." त्यांनी पान्हा उचलला. तो त्यांच्या हातात लटलटत होता. "तू जा गं. तुझं कोर्ट आहे ना आज? मी बघून घेईन."

वकीलबाई एका पायात चप्पल घालून दारात थबकल्या. लहानपणापासून हे वाक्य त्यांनी या माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. शाळेची फी असो, आईचं दवाखान्यात जाणं असो, बाबांनी 'मी बघून घेईन' म्हटलं की घरातली बाकीची माणसं जेवायला बसत. आता त्या नळाचं त्यांच्या हातून काही व्हायचं नव्हतं. संध्याकाळी प्लंबर बोलवावा लागणारच होता. तरी वकीलबाईंना क्षणभर बरं वाटलं, आणि मग लॉन्ड्रीतलं ते फडकं आठवलं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

कोर्टाच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. समोरच्या कागदांवर त्यांनी रुमाल उलगडून ठेवला होता आणि दर वाक्याला तो उचलत होते. तोफेच्या बाजूने युनियनचे वकील होते. त्यांना कोर्टात सगळे काका म्हणत. काका माणूस भला, पण एकदा नियम हातात लागला की समोरची गाय सोडून तिच्या दाव्याच्या गाठीशीच झोंबत बसणारा. त्यांच्यामागे तोफ बसली होती. वकीलबाईंना वाटलं होतं त्याहून ती बुटकी होती. साडी कडक इस्त्रीची, जबडा पुढे काढलेला. वकीलबाईंकडे तिने एकदाच पाहिलं, आणि ते पाहणं काही प्रेमाचं नव्हतं.

मेजरने साक्ष उत्तम दिली. शांत आवाज, मध्ये एक आवंढा, नजर खाली. "ती म्हणाली, 'साहेब, मी तुम्हाला बघून घेईन.'" इस्त्रीचं नाव काढलं नाही. आवंढा त्याने स्वतःच्या बुद्धीने घातला होता.

काका उलटतपासणीला उठले आणि त्यांनी विचारलं की चौकशीची नोटीस वेळेत दिली होती का, नोटीस कोणी नेली, ती दारावर चिकटवली की हातात दिली. बराच वेळ ते नोटीसच लावून धरत होते. 'तुम्हाला' या शब्दाच्या वाऱ्यालाही ते उभे राहिले नाहीत. न्यायाधीश शिंकले. काका समाधानाने खाली बसले.

मग तोफ कठड्यात आली. काकांनी एक विचारावं आणि तिने चार सांगावं.

"बाई, विचारलं तेवढंच बोला," न्यायाधीश म्हणाले.

"अहो, विचारत कोण नाहीये म्हणून तर बोलतेय!"

"बाई."

"कोर्टात यायला लागलं मला! गणवेशात भरलेली यांची घाण काढता काढता माझं वय गेलं, आणि आता मीच—"

"बाई! पुन्हा आवाज चढवलात तर साक्ष थांबवीन."

मेजर मागच्या बाकावर पायावर पाय टाकून बसला होता. त्याने खोकल्याच्या गोळीचा कागद सोडवला, गोळी तोंडात टाकली आणि कागदाची बारीक गुंडाळी करून बाकाच्या फटीत खुपसली. तोफ आपल्याच तोंडाने आपलं वाटोळं करत होती. अशी बाई धमकी देणार नाही, असं त्या खोलीत आता कोणालाच वाटलं नसतं.

वकीलबाई उलटतपासणीला उठल्या. हे त्यांना झोपेतही जमलं असतं. नवीन वकिलांना त्या स्वतःच शिकवायच्या: उत्तर माहीत नाही तो प्रश्न विचारू नका, आणि एकदा 'हो' मिळालं की खाली बसा.

"त्या दिवशी मेजरसाहेब लॉन्ड्रीत आले तेव्हा तुम्ही चिडलेल्या होतात?"

"होते. तुम्ही नसत्या चिडल्या?"

"आवाज चढवला होतात?"

"तिथे मशीनी चालू असतात. कुजबुजून काय कोण ऐकतंय?"

"आणि तुम्ही म्हणालात, 'बघून घेईन'. म्हणालात की नाही?"

तोफेने जबडा आणखी पुढे काढला. "म्हणाले. आणि पुन्हा म्हणेन!"

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. काकांनी डोळे मिटले. मागे मेजरने टाकलेला सुस्कारा वकीलबाईंना स्पष्ट ऐकू आला, त्याच्या गोळीच्या वासासकट. 'हो' मिळालं होतं. आता फक्त खाली बसायचं होतं.

त्यांनी फाईल मिटली. कव्हर वर आलं. बिस्किटाचे दोन डाग वाळून तपकिरी झाले होते, आणि एका डागात बोटाच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या. वकीलबाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना मनापासून ओकारी आली. त्या डागांची, पुढच्या तालमीची, पुढच्या साक्षीदाराची, त्या बेसिनची.

"झालं का तुमचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"एकच प्रश्न राहिलाय, सर." त्यांनी तोफेकडे पाहिलं. "कोणाला?"

"काय कोणाला?" तोफ म्हणाली.

"तुम्ही बघून घेईन म्हणालात. कोणाला बघून घेईन?"

तोफ त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जणू हा प्रश्न एखाद्या शेंबड्या पोराने विचारला असावा.

"माणसांना बघून घ्यायला मला वेळ आहे होय? व्हॉल्व्हचं! त्या मेल्या व्हॉल्व्हचं म्हणाले मी! पोरीचा हात सोलून निघालेला, ती तिथे किंचाळतेय, आणि हे आले आणि म्हणाले, 'बघतो.' यांचं 'बघतो' ऐकून ऐकून माझे कान किटले. म्हटलं, राहू द्या साहेब, मी बघून घेईन. आणि घेतलंच की! मीच फडकं बांधलं! अजून फडक्यावरच चाललंय तिथे, जाऊन बघा!"

मागच्या बाकावर कोणीतरी फसकन हसलं. मग आणखी दोघे हसले. काकांनी डोळे उघडले. न्यायाधीशांनी रुमाल उचलला, पण शिंक आली नाही. तो तसाच हातात धरून त्यांनी कागदावर लिहिलेल्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग खोलीच्या मागच्या बाजूला.

"मेजरसाहेब."

मेजर ताडकन उभा राहिला. गोळी त्याने गालात सारली.

"तो व्हॉल्व्ह दुरुस्त झाला का?"

"बघतो, सर," मेजर म्हणाला.

या वेळी हशा मोठा झाला, दाराशी उभा असलेला पट्टेवालासुद्धा हसला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं, त्याखाली रेघ ओढली, आणि निकालासाठी पुढची तारीख दिली.

बाहेरच्या व्हरांड्यात वकीलबाई फाईल घेऊन उभ्या होत्या. काका तोफेला काहीतरी समजावत जिन्याकडे नेत होते. त्यांना बहुधा अजून वाटत होतं की नोटिशीच्या मुद्द्यावर काम झालं. तोफ त्यांचं ऐकता ऐकता थांबली आणि चार पावलं मागे आली.

"कोर्टात दिलेल्या कागदांत तुम्हीच ना मला भांडकुदळ लिहिलंत?"

"हो."

"मग आज काय झालं?"

उत्तराची तिने वाट पाहिली नाही. तोफेने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि निघून गेली. आभारबिभार मानले नाहीत. वकीलबाईंना ते बरंच वाटलं.

मग मेजर आला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण बाहीवरची घडी तशीच कडक होती.

"मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

"फौजेच्या."

"मग तो प्रश्न कशाला विचारलात? आपलं ठरलं होतं सगळं! मी शपथेवर सांगितलंय 'तुम्हाला' म्हणून. आता मी वर काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका," वकीलबाई म्हणाल्या. फाईल त्यांनी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली, कव्हरचे डाग त्याच्या बाजूला करून. त्याने नकळत ती घेतली. "मोठ्या साहेबांना मी आत्ताच भेटायला चाललेय. कालच्या तालमीपासून सगळं सांगणार आहे, माझंसुद्धा. तुम्ही नका त्रास घेऊ, मेजरसाहेब. मी बघून घेईन."

मेजरच्या गालातली गोळी फिरायची थांबली. तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. तिथे राग नव्हता, हसू नव्हतं, काहीच नव्हतं. त्याने विचारायला तोंड उघडलं.

मग काय विचारायचं ते त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने तोंड मिटलं आणि व्हरांड्याच्या भिंतीला लागून त्यांना वाट करून दिली.